शहाऐंशी सेंटीमीटर

परदेशातून आलेले विणलेले कपडे कस्टमच्या कोणत्या खान्यात बसतात, हे ठरवणं ही माझी नोकरी. पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, प्रत्येकाचा कर निराळा. शहाऐंशी सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या लहानग्यांसाठी असले, तर ते बाळांचे कपडे. एकोणीस वर्षांत हा आकडा माझ्या अंगात इतका मुरला, की घरातल्या दाराच्या चौकटीवरही मी ऑफिसच्या टेपने मोजून बरोबर शहाऐंशीवर लाल रेघ मारली.

त्या रेघेवरून बायकोने माझी अनेकदा हजेरी घेतली आहे. कारण आमची लेक साडेसहा वर्षांची आहे आणि तिची उंची चौऱ्याऐंशी. तिची हाडं फार सावकाश वाढतात. डॉक्टरांनी मोठी आशा दाखवलेली नाही. घरात आम्ही तिला मुंगी म्हणतो, ते मात्र चावरी म्हणून.

त्या सकाळी शाळेचा फॉर्म माझ्या खिशात होता. मुंगीला पहिलीत घालायचं की आणखी एक वर्ष बालवर्गातच ठेवायचं, ते पालकांनी लिहून द्यायचं होतं, आणि तो शेवटचा दिवस होता. मी ‘बालवर्ग’वर खूण करून सही ठोकून मोकळा झालो होतो.

“ती वाचते, बेरजा करते,” बायको म्हणाली. “अजून वर्षभर ठोकळे रचत बसवणार आहेस तिला?”

“बाकावर तरी चढता येतं का तिला? पोरांचा धक्का लागला तर? पोरं हसली तर?”

“हसतील. मग?”

“मग काही नाही. उंची रेघेपर्यंत वाढू दे, मग बघू.”

“आणि नाही वाढली तर?”

मी तणतणत बूट घातले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो.

ऑफिसात टेबलावर गडद निळ्या स्वेटरांचा नमुना येऊन पडला होता आणि समोर आयातदाराचा एजंट. कागदावर ‘बाळांचे कपडे’ लिहिलेलं, कारण त्यांचा कर कमी. लेबलवर शहाऐंशी.

“यात बघायचं काय, साहेब? शहाऐंशी म्हणजे शहाऐंशी. तुम्हीच म्हणता नेहमी.”

म्हणतो खरा. मी शिक्का उचललाही, पण सवयीने स्वेटर एकदा उलटसुलट केला. छातीवर पेन्सिलीपुरता खिसा. गळ्याच्या आत नाव आणि इयत्ता लिहायची पट्टी. दोन्ही कोपरांवर जाड कापडाचं ठिगळ, दुहेरी शिलाईचं.

“हे ठिगळ कशाला?”

“फॅशन असेल, साहेब.”

“फॅशन! अहो, बाळ रांगतं, त्याचे गुडघे झिजतात. कोपरं कुणाची झिजतात? बाकावर वाकून लिहिणाऱ्याची. हा शाळेचा स्वेटर आहे.”

“पण साहेब, उंची...”

“उंची गेली खड्ड्यात!”

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. माझ्या तोंडून हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं, मी स्वतःही नाही. ‘शाळकरी मुलांसाठी, बाळांच्या खान्यात नाही,’ असा शेरा मी लिहिला आणि पेन तिथेच थांबलं. कुणाच्या कोण पोरांचा स्वेटर मी आतून बाहेरून पाहिला होता. स्वतःच्या लेकीला नुसती टेप लावली होती. मला लाज वाटली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी शाळा गाठली.

बालवर्गात पोरं सतरंजीवर ठोकळे रचत होती. मुंगी त्यांच्यात नव्हती. बाईंनी हसून मागे बोट दाखवलं. ठोकळ्यांची पेटी उपडी घालून ती वर उभी होती, मधल्या खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकून. पलीकडे पहिलीचा वर्ग चालू होता.

“बाबा? आज लवकर?”

मी तिचा हात धरला, कोपर वळवलं आणि खिशातलं ऑफिसचं भिंग काढलं. जित्याची खोड, काय करणार! स्वेटरची वीण झिजून जाळी झाली होती. त्यावर बायकोने केलेलं रफू, तेही झिजलेलं. धाग्याधाग्यात कठड्याचा चुना बसला होता.

“रोज उभी असतेस इथे?”

“रोज नाही,” मुंगी म्हणाली. “त्यांना सुट्टी असते तेव्हा नसते.”

मी फॉर्म त्याच कठड्यावर ठेवला, जुनी खूण खोडली आणि नवी केली. मुंगीने मान पुढे काढून अक्षरं वाचली. हसली नाही, उलट काळजीत पडली.

“पण बाबा, मी अजून रेघेपर्यंत नाही पोचले.”

“नाही गं,” मी म्हणालो. “रेघ चुकली होती. मीच मारली होती ना.”