गुडघ्याला गप्प करणारी

मित्रांनो, माझ्या नावात बंदूक आहे, पण आजवर मी एकही गोळी झाडलेली नाही. मी एक जुनी मसाज गन आहे. माझ्या तोंडाशी रबरी गोळा आहे. बटण दाबलं की तो थडथडतो आणि आखडलेला स्नायू सैल पडतो. आताशा माझी बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला फारसं काही वाटतच नाही. काही वाटू न देणं हेच तर माझं काम.

कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचं, होन्नावरजवळचं सुब्राय गौडाचं कौलारू घर. सुब्राय यक्षगानातला, म्हणजे तिकडच्या नाचत्या-गात्या लोकनाट्यातला कलाकार. अभिमन्यू करावा तर त्यानंच, असं तिथली माणसं म्हणत. त्या वेषात रंगमंचावर गुडघे टेकून गरागरा फिरायचं असतं, त्याला मंडी घालणं म्हणतात. वीस वर्षं मंडी घालून त्याचा उजवा गुडघा कुरकुरू लागला होता. म्हणून बंगळुरूहून त्याच्या लेकीनं, सहनानं, मला पाठवलं.

फोनवर तिनं बजावलं होतं, "अप्पा, खेळ झाल्यावर लावायचं. मांडीला, पोटरीला. हाडावर अजिबात नाही. आणि डॉक्टरला दाखवायचंच."

पहिलं वर्ष बरं गेलं. सकाळी पेज पिऊन सुब्राय पडवीत पाय पसरून बसे आणि मला मांडीवरून फिरवी. विहिरीच्या पायऱ्या उतरताना त्याचं कण्हणं थांबलं. "माझ्यापेक्षा हिचाच लळा जास्त," असं त्याची बायको नागवेणी म्हणे. कलाकार जिथे रंगतात त्या खोलीत, चौकीत, गणपती मांडलेला असतो. एकदा कुणीतरी मला त्याच्यासमोर घुंगरांशेजारी ठेवलं आणि जास्वंद वाहिली. तेव्हा मी थोडी फुगले असेन.

डॉक्टरकडे मात्र सुब्राय गेला नाही. डॉक्टर विश्रांती सांगणार आणि तेवढ्यात अभिमन्यू दुसऱ्या कुणाकडे जाणार, ही त्याला धास्ती. सत्तेचाळिसाव्या वर्षी हातचा गेलेला वेष परत कोण देतो? मग तो मला खेळाच्या आधी लावू लागला. तोंडाला रंग लावून, कमर कसून तो कोपऱ्यात बसे आणि मला थेट गुडघ्याच्या वाटीवर दाबून धरी, पार बधिर होईपर्यंत.

देवळाच्या रथोत्सवाला गावातच खेळ होता. नागवेणी डबा घेऊन चौकीत आली आणि तिनं ते पाहिलं.

"आत शिरायचं तेवढं ठाऊक, बाहेर पडायचं नाही. अहो, नुसता वेष घेतलाय की स्वभावही?"

"काही दुखत नाही आता," तो हसून म्हणाला.

"दुखतंय. तुम्हाला ऐकू येईनासं झालंय एवढंच."

माझ्या गोळ्याखाली हाड करकरत होतं, ते मला कळत होतं. पण माझं बटण त्याच्या अंगठ्याखाली होतं.

तिथली रीत अशी, की नाचणारा थांबेपर्यंत गाणारा भागवत तीच ओळ पुन्हा पुन्हा गात राहतो. शंभू भागवत गात राहिला. एरवी वीस फेरे झाले की सुब्रायला गुडघाच थांबवत असे. त्या संध्याकाळी गुडघा काही बोललाच नाही. लोक मोजत होते. तीस झाले, चाळीस झाले. मग सुब्राय उठायला गेला आणि उजवा पाय खाली मुडपला. लोकांना तो अभिनयच वाटला. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

गुडघ्यातली गादी फाटली होती. आधी आला असता तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, काठी आली, अभिमन्यू गेला. सुब्रायनं मला दोष दिला नाही, फेकलंही नाही. फडताळात कापराच्या डबीमागे ठेवलं. दोन वर्षं मी तिथे होते.

काल प्रसन्न आला. हल्ली अभिमन्यू तो करतो.

"अण्णा, ती गन देता का? परवा मंडी आहे आणि गुडघा जरा धरलाय."

सुब्रायनं मला खाली काढलं, पण त्याच्या हातात दिलं नाही. त्याला बाकावर बसवलं आणि स्वतःचा अंगठा गुडघ्याच्या कडेला दाबला. प्रसन्न कळवळला.

"दुखलं?"

"बरंच."

"बरं झालं. अजून बोलतोय तुझा गुडघा. उद्या डॉक्टरकडे जाऊ, मी येतो. परवा मंडी गाळ, शंभूला मी सांगतो."

"लोक काय म्हणतील अण्णा?"

"लोकांचं काय घेऊन बसलास? मी मोडलो तेव्हा ते टाळ्या वाजवत होते."

मित्रांनो, दमलेल्या मांडीला, आखडलेल्या पोटरीला मला जरूर लावा. तिथे मी कामाची आहे. पण सांधा रोज उठून काही सांगत असेल, तर त्याचं तोंड दाबायला मला बोलावू नका. आधी त्याचं ऐका.

आज सकाळी ते दोघं बस गाठायला निघाले. पुढे काठी टेकत सुब्राय, मागे लंगडत प्रसन्न. मी पुन्हा फडताळात आहे. मला फारसं काही वाटत नाही, असं मी सुरुवातीला म्हणाले. पण काल त्या अंगठ्याखाली प्रसन्न कळवळला, तेव्हा मला बरं वाटलं.