शफी शेंड्यावर, अम्मी पडद्यावर

शफी झाडावर असला की चित्र यायचं, आणि शफी खाली उतरला की जायचं.

ही गोष्ट सगळ्यांत आधी लक्षात आली ती नाहीदच्या. लेक मदीहा जन्मल्यापासून तिच्या डोळ्यांना सुट्टी म्हणून नव्हती. पाळण्याची दोरी विरली का, बादलीवर झाकण आहे का, कौलांत काही सळसळलं का, नवऱ्यानं, शफीनं, तापलेली सोल्डरिंगची सळई भलतीकडेच ठेवली का... "या पोरीले डोळे दोनच, पण काम चाराचं करून राह्यली," असं शेजारचे बापूरावभाऊ म्हणायचे.

"आलं का?" शेंड्यावरून शफी ओरडला.

"आलं!" नाहीद दारातून ओरडली. आत टीव्हीवर एक माणूस खतांविषयी बोलत होता, मिशीच्या केसान्‌केसासकट स्पष्ट.

"मग उतरतो."

तो थोडा खाली सरकला मात्र, खतवाल्याच्या तोंडावर मुंग्या आल्या.

"गेलं!"

चढला. खतवाला आला. उतरला. मुंग्या.

"अजी, शेंड्याला बांधलेली ती अँटेना काढून घ्या खाली," नाहीद म्हणाली. "तुम्हीच पुरे आहात." आणि तिला असं हसू फुटलं की कडेवरची मदीहाही खिदळायला लागली. कशाला, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आई हसली की ती हसायची. आई अशी रोज रोज कुठं हसत होती?

खरं तर प्रसंग हसण्याचा नव्हता. पाऊस लागल्यापासून एटापल्लीचा रस्ता दोनदा बुडाला होता, आणि आता तिसऱ्यांदा नाल्याला पूर येऊन एसटी बंद झाली होती. टेलिफोन तर आधीपासूनच मुका. अशात शेवटच्या फेरीच्या कंडक्टरनं खिडकीतूनच निरोप टाकला होता: चंद्रपूरहून तुमच्या अम्मीनं सांगितलंय, येत्या रविवारी दुपारी टीव्हीवर बायकांच्या कार्यक्रमात ती दिसणार आहे, बघायला विसरू नका. एवढं बोलून त्यानं घंटी मारली आणि गाडी गेली. अम्मी म्हणजे सलीमा, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. घरगुती औषधांवर दोन शब्द बोलायला तिला बोलावलं होतं म्हणे.

नाहीदनं अम्मीला उन्हाळ्यापासून पाहिलं नव्हतं. आणि आत्ता तर तिला अम्मी हवीच होती, कारण मदीहाचं नाक चोंदलं होतं, आणि त्या नाकावरून दोन घरांत रण पेटलं होतं.

बापूरावांची बायको बायनाबाई रोज सकाळी निलगिरीच्या तेलाची बाटली घेऊन उंबऱ्यात हजर. "एक थेंब टाक वो नाकात. एकच. पाय कशी मोकळी होते पोट्टी."

"नको बायनाबाई. इतक्या लहान बाळाला ते तेल चालत नाही. मी वाचलंय."

"वाचलंय! माह्या सासूनं मले टाकलं, म्या माह्या पोरायले टाकलं. कोणाचं नाक गळून पडलं का? तू बीएस्सी झाली, तं काय नाकाची बीएस्सी झाली?"

नाहीद वनस्पतिशास्त्राची पदवीधर होती, नाकाची नव्हती, हे खरंच. ती बाटली परत करायची, आणि मग दिवसभर स्वतःलाच विचारायची: आपण हट्टानं पोरीचे हाल तर करत नाही ना? एकदा अम्मीला विचारता आलं असतं तर. आता टीव्हीला काही विचारता येत नाही, हे तिलाही कळत होतं. पण अम्मीचा चेहरा नुसता दिसला, तरी निम्मी काळजी उतरेल असं तिला वाटत होतं.

म्हणून आज, रविवारी, शफी घराशेजारच्या निलगिरीवर चढला होता. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. टीव्ही स्वतःचा नव्हताच, बापूरावांचा दुरुस्तीला आलेला होता, आणि वीज गेलेली म्हणून तो जीपच्या जुन्या बॅटरीवर लावला होता. मालक या नात्यानं बापूराव सकाळपासून सर्वांत पुढं मांडी ठोकून बसले होते. झाडही त्यांचंच. बांधावर त्यांनी निलगिरीची रांग लावली होती आणि ती रांग हळूहळू गावभर पांगली होती. काही खोडं कागदासाठी ट्रकात गेली, काहींच्या बल्ल्या झाल्या आणि त्यांवर लोकांची छपरं चढली. सालपटं बायनाबाईच्या चुलीत जायची, पाल्याचा धूर संध्याकाळी डासांना आणि थोडाफार माणसांनाही पळवायचा. हे एकच झाड उरलं होतं, कारण ते पाडायचं म्हटलं तर शफीच्या कौलांवरच पडलं असतं.

"पाय पोरी, कागद देते, बल्ली देते, तेल देते," बापूराव म्हणाले, "अन् आता तुई माय बी हेच दाखवते."

"भाऊ, या झाडाच्या फांद्या न सांगता मोडतात. आम्हाला कॉलेजात शिकवलंय."

"सांगून कोणतं झाड मोडते?"

पाळणा मात्र नाहीदनं कधीच पलीकडच्या भिंतीला नेला होता.

तर, शफी बसला की त्याच्या वजनानं शेंडा डोंगराच्या बाजूला कलायचा आणि चित्र यायचं, हे आता साऱ्यांना कळलं. मग शफीऐवजी दुसरं काहीतरी कलवायला हवं. बापूराव बैलगाडीचा लांब दोर घेऊन आले. शफीनं तो शेंड्याखाली पक्का बांधला, आणि खाली पाच-सहा जणांनी ओढला. तोवर अंगणात बरीच गर्दी झाली होती. बाजारासाठी आलेला आणि पुरानं अडकलेला वारलू होता, चक्कीवाला अकरम होता, टीव्हीचं नाव ऐकून आलेल्या बाया होत्या.

"हईशा!" झाड वाकलं.

"आलं!" नाहीद ओरडली. "तुमच्या वजनापेक्षा छान आलं!"

"आलं?" असं म्हणत दोरावरचे सगळे दोर सोडून टीव्हीकडं धावले.

निलगिरी गोफणीसारखी उलटी झाली. शेंड्यावरून शफीची एक लांब आरोळी सगळ्या एटापल्लीवरून फिरून आली.

"अल्ला!" नाहीदनं डोळे मिटले, उघडले, मोजदाद केली. नवरा एक, हात दोन, दोन्ही फांदीला. "अजी! आहात का?"

"आहे!" वरून आवाज आला. "पण चप्पल गेली!"

लोक हसले. पुन्हा दोर ओढला. पुन्हा चित्र आलं, आणि पुन्हा तेच. चित्र आलं की ओढणाऱ्याला ते बघायचं असायचं, आणि तो बघायला आला की चित्र जायचं. अकरम म्हणाला, "मी नाही जात, तुम्ही जा." आणि सगळ्यांत आधी तोच धावला. वारलूला कोणीतरी म्हणालं, "तू धर गा." तो म्हणाला, "काऊन? मीच काऊन? मी बाजार बुडवून आलो." त्याचंही बरोबर होतं.

शेवटी शफीच म्हणाला, "राहू द्या तुमचा दोर. मी बसतो इथंच. कार्यक्रम होईपर्यंत."

"बिलकुल नाही," नाहीद म्हणाली.

"अम्मी बघायची ना तुला?"

तिला बघायची होती.

मग ती दाराच्या चौकटीत उभी राहिली, मदीहाला कडेवर घेऊन. डावीकडं टीव्ही, उजवीकडं झाड. डावीकडं एक बाई रांगोळी काढत होती, उजवीकडं नवरा झुलत होता. डावी, उजवी, डावी, उजवी. बापूराव आतून म्हणाले, "मान मोडंल पोरी, मग तुयाच मायले बोलवा लागंल मालीश कराले."

रांगोळी संपली. पडद्यावर निवेदिका हसली आणि म्हणाली, "आता भेटू या चंद्रपूरच्या सलीमाबाईंना."

आणि नेमका त्याच घडीला डोंगराकडून वारा सुटला.

आधी पानं वाजली, मग फांद्या, मग अख्खं झाडच एखाद्या लग्नातल्या पाहुण्यासारखं डोलायला लागलं. शफी आत्ता इकडं होता, आत्ता तिकडं. टीव्हीवर चित्र यायचं, जायचं, यायचं. नाहीदला एक डोकं दिसलं, पदर दिसला, मग मुंग्या. तिनं पुन्हा डावीकडं पाहिलं नाही.

"उतरा!"

"अम्मी आली का?"

"आली! उतरा!"

"उतरलो तर जाईल!"

"जाऊ दे! अम्मी उद्याही आहे, तुम्ही उतरा!"

पण उतरणार कसा? दोन्ही हातांनी फांदी धरायची तर पाय कुठं टाकायचा ते दिसत नव्हतं, आणि झाड तर एका जागी उभंच राहत नव्हतं. नाहीदनं मदीहाला बायनाबाईच्या मांडीत टाकलं आणि लोंबता दोर जाऊन धरला. तिच्या एकटीच्या ओढण्यानं झाड काय थांबणार? उलट तीच दोन बोटं वर उचलली गेली.

"अवो, बाई उडून राह्यली!" असं वारलू ओरडला आणि धावला. त्याच्यामागं अकरम. बाया. शेवटी बापूराव, जे दोर आणून दिल्यापासून टीव्हीपुढून हलले नव्हते. सगळ्यांनी दोराला लटकून निलगिरी जमिनीकडं खेचली आणि तशीच दाबून धरली. वारा वरून गेला, झाड कुरकुरलं, आणि एका जागी थांबलं. शफीनं शेंड्याला मिठी मारली होती. डोळे बंद, उतरायचं भानच नाही.

आणि घरात, बायनाबाई आणि मदीहा या दोघींसमोर, अम्मी आली. मुंगी एक नाही.

"आली वो!" बायनाबाईचा आवाज आला. "तुई माय आली! काय गोरी दिसून राह्यली! पदर डोक्यावर आहे, अन् हातात भगुनं आहे!"

नाहीदच्या दोन्ही मुठी दोरावर होत्या. "काय बोलते?"

"म्हणते, मोठ्या माणसाले सर्दी झाली का निलगिरीचा पाला पाण्यात उकडा, अन् वाफ घ्या. माह्यासारखंच म्हणते! टावेल घेतला डोक्यावर... पोट्टी हात लावून राह्यली टीव्हीले. आजीचं नाक धरून राह्यली!"

दोरावर हशा पिकला. झाड थरथरलं. "हसू नका!" वरून शफी कळवळला. "हसू नका रे बापा!"

"पुढं काय म्हणते?" नाहीद ओरडली.

आतून काही आवाज आला नाही.

"बायनाबाई? चित्र गेलं का?"

"नाई गेलं. आहे."

"मग अम्मी बोलत नाही का?"

"बोलून राह्यली."

"काय?"

आता दोरावरच्या सगळ्यांचे कान दाराकडं लागले.

"काऊन वो," बापूराव म्हणाले, "जीभ चावली का?"

"म्हणते..." बायनाबाईनं अगदी नाइलाजानं सुरुवात केली, "म्हणते, लहान्या लेकराच्या नाकात निलगिरीचं तेल टाकाचं नाई. नाकाखाली बी लावाचं नाई. बाटली लेकराच्या हाताले लागन अशी ठेवाची नाई." मग थोडं थांबून, चढ्या आवाजात, "मिठाचं पाणी टाका म्हणते. उकडून, थंडं करून. आता हे मले अगोदर कोणी सांगतलंच नाई तं म्या काय करू?"

त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. बापूराव दोर धरून उकिडवेच बसले. अकरमच्या डोळ्यांतून पाणी. नाहीदला तर उभंही राहवेना. इतके दिवस छातीवर धरलेलं ते ओझं एकदम उडालं आणि ती दोराला धरून लहान पोरीसारखी झुलायला लागली. दोर हलला की झाड हलायचं, झाड हललं की शफी किंचाळायचा, आणि शफी किंचाळला की सगळे नव्यानं हसायचे.

"पोरी, तू जा!" बापूराव कसेबसे म्हणाले. "आम्ही धरतो. तुई माय आहे, तू नाई पायशील तं कोण पायील? कोणीबी दोर सोडला तं माह्याशी गाठ आहे!"

नाहीद धावली. उंबऱ्याला ठेचकाळली, पण गेली.

अम्मीचं बोलणं संपलं होतं. निवेदिका तिचे आभार मानत होती, आणि अम्मी तिकडं बघतच नव्हती. ती मान तिरकी करून चौकटीबाहेरच्या कशाकडं तरी बघत होती. भगुनं बाजूला ठेवलेलं, कपाळाला आठी. नाहीदनं ती नजर लगेच ओळखली. अम्मी गॅस बघत होती. बंद झालाय की नाही. साऱ्या महाराष्ट्रासमोर, हात जोडलेले, आणि लक्ष गॅसवर.

नाहीदनं मदीहाला उचललं आणि तिचं चोंदलेलं, गळकं, लालबुंद नाक पटकन चुंबलं.

"पाहिलंस? ही तुझी नानी. आपल्यासारखीच आहे."

तेवढ्यात पडदाभर मुंग्या आल्या. बाहेर पाहते तर दोर मोकळा, निलगिरी आभाळात सरळ, आणि दारात वारलू, अकरम, सगळ्या बाया आणि सर्वांत पुढं बापूराव.

"म्या म्हणलं," बापूराव म्हणाले, "एकदाच पाहून घ्यावं."

वरून, पुष्कळ उंचावरून, शफीचा आवाज आला. "दिसली का? अम्मी दिसली का?"

नाहीद पोरीला घेऊन अंगणात आली, मान मागं टाकून त्याच्याकडं पाहत ओरडली, "दिसली! गॅस बघत होती!"

"काय?"

"गॅस! गॅस!"

"कुठं पेटला गॅस?" शफी घाबरून ओरडला, आणि इतक्या घाईघाईनं उतरायला लागला की नाहीदनं पुन्हा डोळे मिटले, उघडले, आणि मोजायला सुरुवात केली.