सांडव्याचं तोंड कोणी उघडायचं?

मला तलाव म्हणतात, मित्रांनो, आणि मी फार थकलो आहे. नागभीडहून ब्रह्मपुरीला जाताना डांबरी रस्ता सोडून जंगलाच्या बाजूला वळलात, तर मातीची एक लांब पाळ लागते. त्या पाळीमागे मी. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, मागे साग-मोहाचा उतार. वय विचारू नका, माझं मलाच आठवत नाही.

मालगुजारांच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या गावमालकांच्या, काळात माणसांनी कुदळीनं माती खणली, बायांनी ती टोपल्यांतून डोक्यावर वाहिली, उतारावरचं पाणी अडलं आणि मी झालो. जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून कडेला दगडी सांडवा ठेवला. तेव्हा माझे काय लाड होते, बाप्पा! उन्हाळ्यात पाणी आटलं की घरटी एक माणूस यायचा, गाळ काढायचा आणि आपल्याच बांधीत नेऊन टाकायचा. पाळीला खड्डा पडला तर ज्याला दिसला तोच बुजवायचा. हे काम कोणाचं, असं कोणी विचारत नसे.

मग मालगुजारी गेली आणि मी सरकारजमा झालो. त्यात वाईट काही नव्हतं, पण मी लोकांच्या मनातून उतरलो. गाळ साचला, "सरकार काढील." पाळ खचली, "सरकार पाहील." साहेब यायचे, मला बघायचे, "गावानं जरा लक्ष द्यायला हवं" म्हणायचे आणि जायचे. रोज मरे त्याला कोण रडे! मी उथळ होत गेलो. तलावानं दुसरं करायचं तरी काय?

नव्वद सालानंतर पाऊसही लहरी झाला. आधी झड लागली की सावकाश मुरायची. आता मृग कोरडा जाऊ लागला, धानाचे रोवणे, म्हणजे लावण्या, खोळंबू लागले, आणि पाऊस आला की एकदाच कोसळू लागला. अशाच एका उन्हाळ्यात ब्रह्मपुरीहून एक प्राध्यापक जीपनं आले. पाळीवरच्या चिंचेखाली सभा भरली. पृथ्वी तापते आहे आणि म्हणून पाऊस असा वागतो, हे त्यांनी चित्रं दाखवून समजावलं. मग विचारलं, "याला जबाबदार कोण?"

देवरावची बांधी पाळीच्या अगदी खाली. तो उठून म्हणाला, "मोठे कारखानेवाले, सर. कोळसा थे जाळते. आमच्या घरी दोन बलप, थेबी पेटत नाई." सगळे हसले.

डोमा माझ्यातली मासोळी धरून घर चालवणारा. तो म्हणाला, "जंगल तोडणाऱ्याइले विचारा जी. आमी जाळं टाकतो, झाडं थोडीच तोडतो?"

देवरावची बायको केसरबाई म्हणाली, "सरकारनं कराव ना काईतरी."

"आपण सारेच जबाबदार आहोत," प्राध्यापक म्हणाले. टाळ्या पडल्या. तेरड्याचा रंग तीन दिवस, पण इथं तो चिंचेखालीच उडाला. खरं सांगतो, त्यांच्यातलं कोणी खोटं बोलत नव्हतं. धूर दूरच्यांचाच होता. पण 'सारे' म्हटलं की ज्याला त्याला दुसराच आठवतो, हे मी फार वर्षं पाहत आलो आहे.

त्याच साली पाऊस उशिरा आला. पाणी वाया जाऊ नये म्हणून देवराव आणि बाकीच्या शेतकऱ्यांनी सांडव्यात मातीनं भरलेली पोती रचली. डोमा आणि त्याची बायको गोकुळा यांनी माझ्यात मासोळीचं बीज सोडलं होतं. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांनी पोत्यांवर बांबूची ताटी ठोकली आणि तिला जाळं बांधलं. दोघांचंही पोट माझ्यावर, मी कोणाला बोल लावू? पण माझं तोंड दोन्हीकडून बांधलं गेलं.

पोळ्याच्या आधी एके दिवशी सकाळपासून आभाळ फाटलं. उतारावरून पाण्याचे लोंढे आले. दुपारी पाणी पाळीच्या माथ्याला लागलं, तसं सारं गाव धावत आलं.

"डोमा, तुयी ताटी काहाड! कचरा अडकून पानी तुंबून राह्यलं!" देवराव ओरडला.

"पयले तुमचे पोते काहाडा, देवरावभाऊ! ताटी काहाडली का माये मासे जातीन, अन् पोते तसेच राहातीन!"

"पोते काहाडले तं पानी जाईन. मंग धान कायच्यावर पिकंन?"

"तं मासे मायेच काऊन जाव?"

मागून कोणीतरी म्हणालं, "तहसीलले फोन लावा रे!" गावातला एकुलता फोन केव्हाचा बंद पडलेला.

मी ओरडत होतो, मित्रांनो, दोन्ही काढा रे, दोन्ही काढा! पण तलावाचा ओरडा माणसांना लाटांचाच आवाज वाटतो. पाणी पाळीवरून वाहू लागलं, तेव्हा कुठे दोघं एकदम सांडव्याकडे पळाले. फार उशीर झाला होता. पाळ मधोमध खचली आणि मी फुटलो.

माणूस कोणी गेलं नाही, तेवढं नशीब. धान वाळूखाली गेलं. डोमाचे मासे देवरावच्या बांधीत तडफडत पडले आणि ते उचलायचं कोणाला सुचेना. साहेब आले, भगदाड पाहिलं, विचारलं, "जबाबदार कोण?" देवराव आणि डोमा, दोघांनीही आभाळाकडे बोट दाखवलं. त्यांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसरा उन्हाळा आला तरी भगदाड तसंच. गाव म्हणे सरकार, सरकार म्हणे गाव. माझ्या पोटाला भेगा पडल्या. डोमा मिरची तोडायला आंध्रात निघून गेला. आज सकाळी गोकुळा टोपली-फावडं घेऊन एकटीच आली आणि भगदाडात माती टाकू लागली.

चिंचेखाली बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "गोकुळाबाई, सरकारचं काम हाय थे. कायले मरून राह्यली?"

"तलाव सरकारचा असन, भाऊ," ती म्हणाली, "उपाशी तं मीच हाओ ना!"

ते हसले. मला रडू आलं असतं, पण तेवढं पाणी आता कुठे आहे? थोड्या वेळानं केसरबाई आली. "सरक वं थोडी," म्हणाली आणि आपली टोपली तिनं ओतली. गोकुळा सरकली.

मित्रांनो, आभाळ ज्यांनी बिघडवलं त्यांना जाब जरूर विचारा. मोठ्यांना विचारा, सोडू नका. पण जाब विचारताना हातात टोपलीही असू द्या. या दोघींच्या मातीनं भगदाड बुजायचं नाही, पाऊस लागला की ती वाहून जाईल. हे त्यांनाही कळतं. मघाशी केसरबाईनं चिंचेकडे पाहून हाक मारली, "येता का, का पाह्यतच राह्यता?"

अजून कोणी उठलेलं नाही. जंगलावर ढग भरून आले आहेत.