हार घातलेला इन्क्युबेटर

सातवा तुकडा खरा ठरला असता, तर श्रुतिका परबच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: संशोधनाच्या पेपरवर पहिलं नाव, तिच्या अंधेरीच्या लॅबमधली कायमची नोकरी आणि घाटकोपरच्या आत्याचं तोंड बंद. तिसरीचं मोल सगळ्यांत जास्त.

पेशीत जीनची नक्कल आरएनएच्या धाग्यावर उतरते. मग त्यातले काही तुकडे कापून बाकीचे जोडतात. कोणता ठेवायचा, कोणता गाळायचा, हे ठरवतात धाग्यावर चिकटून बसणारी प्रथिनं. एका आजारात सातवा तुकडा गळतो. श्रुतिकाने पेशींना औषध दिलं आणि तो टिकला. धागे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर लांब धाग्याची पट्टी झकास उमटली.

शेजारच्या टेबलावरच्या प्रबुद्ध वानखेडेने सहा आठवडे तोच प्रयोग चार वेळा केला. पट्टी येईना.

"औषध नीट टाकतोस ना रे?"

"तुझ्याच बाटलीतलं."

"आणि पेशी?"

"त्याही तुझ्याच. माझा फक्त हात आहे, बाई."

तिला संशय त्या हाताचाच होता. पेपर पडला की ती एकमेव कायमची जागा कोणाला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय दसऱ्यासाठी नागपूरला जाताना याने आपल्या इन्क्युबेटरवर, पेशी उबेत ठेवायच्या कपाटावर, चिठ्ठी डकवली होती: 'पूजेला घेऊ नये. बंद करू नये.' लपवायचं काही नसेल तर चिठ्ठी कशाला?

तो चहाला खाली गेला तशी तिने त्याच्या इन्क्युबेटरची तापमानाची नोंद उघडली. सदतीस, सदतीस, महिनोन्‌महिने सदतीस. इतकं सरळ कोणी असतं का? ताडून बघायला तिने स्वतःच्या इन्क्युबेटरची नोंद लावली. खंडेनवमीला, तिच्या प्रयोगाच्या दिवशीच, रेष चार तास खाली कोसळली होती.

बंद तिनेच केला होता. पुसला, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आतल्या पेशींच्या डिशेसपैकी बिनऔषधाच्या तेवढ्या प्रबुद्धच्या इन्क्युबेटरमध्ये मावल्या. औषध दिलेल्या मात्र टेबलावर राहिल्या, अठरावर लावलेल्या एसीखाली. आणि गारठ्यात काही प्रथिनं वाढतात, धाग्यावर जाऊन बसतात, हे तिला पाठ होतं. म्हणजे तुकडा टिकवला तो गारठ्याने, औषधाने नव्हे.

"काय शोधतेयस?" मागे प्रबुद्ध, हातात दोन कटिंग.

"तुझी लबाडी."

"सापडली?"

"माझा गाढवपणा सापडला."

त्याने रेष पाहिली. "सोमवारी पेपर छापायला जातोय. मॅडमना सांगणारेस?"

हे त्याने इतक्या हळू विचारलं, की यातही याचा काही डाव असेल, असं तिच्या मनात येऊन गेलंच. ती म्हणाली, "आधी खात्री करू." बिनऔषधाच्या ताज्या डिशेस तिने चार तास एसीखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी जेलवर पट्टी उमटली, तशीच झकास. ते जेल घेऊन ती लॅबप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

मग हिशेब झाला. मॅडमचा पेपर बारगळला. पेपर नाही म्हणून ती जागाच रद्द झाली, म्हणजे नोकरी श्रुतिकाची गेली आणि प्रबुद्धचीही. आत्याला पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल एवढा विषय मिळाला. सगळ्यांत जास्त भरलं ते चिठ्ठी लावून गेलेल्या माणसाने: सहा आठवडे, एक नोकरी आणि न केलेल्या लबाडीचा संशय.

त्या दिवशीचा चहाही त्याच्याच खिशातून.