गुडघ्याचं माप

माझा राग नाकावर असतो, हे गॅरेजमध्ये येणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. बाई मिस्त्री बघून कुणी दोनदा वळून पाहिलं, की मी पाना खाली ठेवते आणि विचारते, "काय, मान लचकली का?" पण त्या दिवशी मी राग जिथे काढायला नको होता तिथे काढला.

आमचं काम गाड्या उंच करायचं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला लिफ्ट किट बसवायचं, मोठे टायर चढवायचे, म्हणजे खडकातून जाताना गाडीचं पोट घासत नाही. गॅरेज बाबांनी आणि काकांनी मिळून काढलेलं. त्यात काकांचा एक नियम होता. गाडी तयार झाली तरी चावी लगेच द्यायची नाही. आधी गिऱ्हाइकाच्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणायला लावायचं, ते आपल्या पायांनी चढून बसलं की मग चावी. "उंची इंचात मोजू नये, गुडघ्यात मोजावी," असं ते म्हणायचे. बरेच जण हसून आजीला घेऊन यायचे. एक जण मात्र भडकला. भर दुपारी तमाशा करून गेला तो पुन्हा आमच्या दारात आला नाही, आणि जाताना ओळखीतली चार गिऱ्हाइकंही घेऊन गेला.

त्यावर बाबा सगळ्यांसमोर काकांना म्हणाले, "तुझ्या या गुडघ्यांनी धंदा बसवला."

काकांनी हात धुतले, डबा उचलला आणि आठवड्याभरात काकूंना घेऊन डोंगरावरच्या घरी राहायला गेले. त्यानंतर नऊ वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. मधे बाबांना पक्षाघात झाला, डावा पाय लुळा पडला, गॅरेज माझ्याकडे आलं; काकूंना मी हे फोनवर कळवलंही होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसं दोघांचं.

मग काकूंचा फोन आला. "पोरी, यांचं आता काही खरं नाही गं. डॉक्टरांनी घरी आणायला सांगितलं. सारखं एकच विचारतात, दादा निघाला का?"

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "सांग त्याला, निघालोय म्हणून." एवढंच बोलले आणि तिथल्या तिथे शर्ट चढवायला लागले. बटणं खालीवर लागली होती.

पण निघणार कसं? डोंगराची कड ढासळून वरचा रस्ता नुसता धोंड्यांचा झाला होता. आणि जगाच्या गाड्या उंच करणाऱ्या आमच्या घरची जीप होती तशीच, बुटकी. मी बाबांना म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. दोन दिवसांचं काम मी एका दिवसात उरकलं. चार इंचांचं किट, नवे शॉक अॅब्सॉर्बर, लांब ब्रेक पाइप, वर मोठे टायर. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कुठे घासत नाही ना ते दोनदा पाहिलं. काही म्हणजे काही सोडलं नाही, असं मला वाटलं.

सकाळी नऊला जीप दारात लावली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून उभे. त्यांनी दाराची कड धरली आणि थांबले. उजवा पाय वर टाकायचा तर सगळा भार डाव्यावर येतो, आणि डावा काही भार घेत नाही. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. ते डुगडुगलं आणि बाबा खाली बसले, धपकन, भर रस्त्यात. शेजारी बघत होते. मी काखेत हात घातले तर त्यांनी ते झटकले.

आणि मी ओरडले. "काल सकाळपासून मी मरमर मरतेय, आणि तुमच्याच्यानं एक पाय उचलवेना!"

जीभ झडली कशी नाही माझी! बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बसूनच त्या नव्या टायरवर हात ठेवला.

"त्याचं बरोबर होतं गं," ते म्हणाले.

मी जीप तशीच गॅरेजला नेली. लोखंडी पाइप कापले, दाराखाली पायरी वेल्ड केली. तीन तास गेले त्यात. मग बाबा पायरीवर टेकत, माझा खांदा धरत कसेबसे चढले, आणि आम्ही निघालो. धोंड्यांवरून जीप अशी गेली, की एरवी मी स्वतःची पाठ थोपटली असती. वाटेत बाबा एकदाच बोलले. "मी आधी काही बोलणार नाही. त्याला बोलू दे. नऊ वर्षांचं साचलंय त्याचं."

पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या, त्यांना बघूनच कळलं.

"तीन वाजता गेले," त्या म्हणाल्या. "दोनपर्यंत विचारत होते."

दीड तास उशीर, आणि पायरीला तीन तास. हा हिशेब मला कुणी समजावून सांगायला नको. तो मी रोज करते.

बाबा जागचे हलले नाहीत. मी दार उघडून हात पुढे केला, तेवढ्यात काकू उठल्या, घरामागे गेल्या आणि एक लाकडी पायरी ओढत घेऊन आल्या. दोन टप्प्यांची, रुंद, नवी कोरी. रंधा मारलेल्या लाकडाचा वास येत होता.

"काल फोन ठेवल्यावर यांनी शेजारच्या सुताराला बोलवायला लावलं," काकू म्हणाल्या. "पडल्या पडल्या हातानं माप दाखवत होते. म्हणाले, रस्ता खराब आहे, पोरगी जीप उंच करेल. काम चोख करेल, पण माप इंचात घेईल. दादाला उतरता यायचं नाही."

माझी लोखंडी पायरीसुद्धा वीतभर उंचच झाली होती. काकूंनी लाकडी पायरी तिच्याखाली सरकवली. बाबांनी डावा पाय खाली सोडला, आणि तो टाचेपासून बोटांपर्यंत सपाट टेकला. मग उजवा. माझा हात त्यांना लागलाच नाही.

खालच्या टप्प्यावर उभं राहून त्यांनी घराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं, जसे पूर्वी गॅरेजच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायचे तसे म्हणाले, "बसलं रे माप! अगदी बरोबर बसलं!"

"भावजी, आत चला," काकू म्हणाल्या. पण ते काही केल्या त्या पायरीवरून उतरेनात.