शेवटच्या पोत्याची भिंत

धरणाचं पाणी गावात शिरायच्या आधी लोकांनी काय काय नेलं! कोणी चौकटी, कोणी छपराचे कवेलू, कोणी देव. तृप्तीनं आपल्या घराची पाडलेली भिंतच पोत्यांत भरून नेली. सारं गाव हसलं. "पोरगी सटकली वं," शेजारची पार्वताबाई तोंडावर म्हणाली, "माती का तिथं नाही भेटत?"

भेटते ना. पण ही माती तिच्या बाबांनी स्वतःच्या पायांनी तुडवली होती. पुनर्वसनाच्या नव्या गावात, टिनाच्या पडवीत, तृप्ती त्याच मातीची चित्रं करू लागली. चित्रं म्हणजे त्यात ना झाड, ना माणूस, ना बैल. माती, धानाचा कोंडा आणि बाभळीचा डिंक कालवून प्लायवूडच्या फळीवर थापायचं, उलथण्याच्या पाठीनं ठोकायचं, उन्हात तडकू द्यायचं. भेगांत राइस मिलची काळी राख भरायची, वरून चुना, मग गोट्यानं घासून तो चुना पुन्हा अर्धा काढायचा. शेवटी, ही चित्रं विकणाऱ्या मुंबईच्या गॅलरीवाल्यांच्या हट्टापायी वार्निशचा एक हात. तो तिच्या जिवावर यायचा, कारण मातीचा वास मरायचा. पण त्याशिवाय चित्र वाटेतच झडायचं. पार्वताबाई विचारायची, "हे उलटं की सुलटं वं?" आणि दोघी खो खो हसायच्या.

हसणं बंद झालं ते बाबांमुळे. सेवकरामजी विसरू लागले. आधी नावं, मग जेवण झालं की नाही ते, मग हे घरच. दिवेलागणीला खांद्यावर दुपट्टा टाकून ते फाटकाशी उभे राहायचे.

"कुठी चालले, बाबा?"

"घरी जातो ना. तुमच्याइथं लय दिवस राहिलो. आता जाऊ द्या, बाई."

पोटच्या पोरीला 'तुमच्याइथं'! तृप्तीचा जीव नुसता तुटायचा. घर पाण्याखाली गेलं हे सांगावं, तर ते लहान पोरासारखे रडत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकाशी. एकदा तर धरणाच्या रस्त्यावरून मासेमारांनी आणून सोडलं. करावं तरी काय माणसानं?

शेवटचं पोतं उरलं तेव्हा तिनं त्यातली माती दाराएवढ्या फळीवर थापली आणि वार्निशाआधी ती पडवीत वाळायला टेकवली. त्या संध्याकाळी फाटकाकडे निघालेले बाबा मधेच थबकले. फळीशी गेले, तळहात फिरवला, नाक लावलं. मग तिला पाठ टेकून खाली बसले आणि ऐसपैस पाय पसरले.

"आलो बाप्पा घरी," ते म्हणाले. "तृप्ते, चहा मांड."

किती महिन्यांनी तिचं नाव घेतलं त्यांनी! ती आत जाऊन पोटभर रडली, आणि हे चित्र मिळायचं नाही म्हणून गॅलरीला कळवून टाकलं.

मग रोज संध्याकाळी बाबा घरी असत. पण माती ती माती. पाठ घासून घासून पापुद्रे सुटू लागले. खाली पडलेला चुरा भिजवून तृप्ती परत लावायची, तो पुन्हा गळायचा. मधोमध प्लायवूड डोकावू लागलं. नवी माती आणायची कुठून? होती ती सगळी पाण्याखाली.

शेवटी एका दुपारी, बाबा झोपलेले असताना, तिनं वार्निशचा डबा उघडला. भिंतच उरली नाही तर वास घेऊन काय चाटायचं? बिनचकाकीचं, अगदी पातळ करून मारलं. वाळल्यावर रंग तसाच, भेगा तशाच. बोट घासलं तर कण सुटेना. पार्वताबाईलाही फरक कळला नाही. "आता काही होत नाही याले," ती म्हणाली.

संध्याकाळी बाबा आले. तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. नाक लावलं, आणि चुकून भलत्याच दारात आल्यासारखे मागे सरले.

"कोनाचं घर होय हे, बाई?"

"आपलंच, बाबा. बसा ना. बसा."

"नाही, बाई. आमचं नाही हे."

त्यांनी दुपट्टा खांद्यावर घेतला. तृप्ती फळीपुढं बसून नखांनी खरवडू लागली, मग उलथण्यानं. काही केल्या निघेना. वार्निश पक्कं बसलं होतं, काम चांगलं झालं होतं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. उलथणं तिथंच टाकून ती त्यांच्या चपला घेऊन धावली.

"थांबा बाबा, हे पायात घाला. संगंच जाऊ."

"तुमी कायले येता?" चपलेत पाय सरकवत ते म्हणाले. "आमची तृप्ती हाये ना घरी. वाट पाहून राहिली असन."