सुनेच्या मास्टर्सचा खटला

आमच्या घरात कुणाला मोठा खर्च करायचा असेल तर त्याने आधी स्वतःच्याच विरुद्ध बोलायचं असतं. हा नियम आमच्या ह्यांचा. हे कोर्टात लघुलेखक होते. जन्मभर वकील बोलत राहिले आणि हे टिपत राहिले. निवृत्त झाल्यावर लोक घरी घड्याळ घेऊन येतात, हे एक मत घेऊन आले: जो तो आपलीच बाजू मांडतो, म्हणून निकाल चुकतात. कोर्टात ह्यांना कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा सगळी हौस घरात फेडून घेतली. ज्याला पैसे हवेत त्याने ते का देऊ नयेत ते सांगायचं. आणि ज्याचा सगळ्यात जास्त विरोध असेल त्याने ते का द्यावेत ते पटवायचं. कुणी वरवरचं बोलला तर न्यायाधीश त्याचं मत बाद करणार. न्यायाधीश कोण ते सांगायला नकोच.

आधी आम्ही हसलो. मग आमच्या मुलाने मोटरसायकल मागितली आणि तिच्याविरुद्ध इतकं मन लावून बोलला की पुढे महिनाभर सायकलवर बसायलाही घाबरत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता तो आमच्या लॉन्ड्रीची व्हॅन चालवतो, तीही अशी की पायी चालणारे पुढे निघून जातात.

लॉन्ड्री मी चालवते. धुवायला दोन मशीनं आहेत, वाळवायला एक आहे आणि चादरी दाबायला मी आहे. हॉटेलच्या चादरी, दवाखान्याच्या चादरी, सगळ्या हातातल्या इस्त्रीने. माझा उजवा खांदा आता माझा राहिलेला नाही, संध्याकाळी तो वेगळ्याच बाईचा असल्यासारखा दुखतो. म्हणून घरच्या सामाईक खात्यात वाफेच्या प्रेस मशीनसाठी पैसे साठत होते. लॉन्ड्रीचा नफा, सुनेच्या पगारातला वाटा, आणि धाकटी मुलगी दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते तिचा वाटा. मशीन मी दुकानात जाऊन पाहूनसुद्धा आले होते. त्याची मूठ धरून पाहिली, तेव्हा विक्रेता म्हणाला, "बाई, सोडा आता, दुकान बंद करायचंय."

आणि अशात एका सकाळी सून म्हणाली, "आई, मला आयटीत मास्टर्स करायचंय."

माझं मशीन केव्हाचं रांगेत उभं, आणि हे मास्टर्स कानामागून आलं आणि तिखट झालं. वय सदतीस. संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षं. शिष्यवृत्तीला पस्तिशीची अट, ती हुकलेली. कंपनी निम्मी फी देते, पण ती परीक्षा पास झाल्यावर, आधी सगळी आपणच भरायची. ही सवलतही पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांना नाही. म्हणजे करायचं तर आत्ता, नाहीतर कधीच नाही. आणि खात्यातले पैसे दोन्हींना पुरणारे नव्हते.

"तुझा विरोध सगळ्यात जास्त दिसतोय," हे मला म्हणाले.

"अर्थात आहे."

"मग तिची वकिली तुझ्याकडे. रविवारी दुपारी सुनावणी."

आता खरं सांगते, पहिला विचार आला तो थातुरमातुर बोलून मोकळं व्हायचं. पण माझा एक वाईट स्वभाव आहे, मला हरता येत नाही. नातवंडांबरोबर पत्ते खेळताना लोक मुद्दाम हरतात, मला नात असती तर ती रडतच डावावरून उठली असती. वकिली माझ्या गळ्यात पडली आहे ना, मग ती मी नीटच करणार. मत मात्र विरोधातच टाकणार, असं मनाशी ठरवून मी तयारीला लागले.

सून विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात आहे. त्यांचे पडदे आमच्याकडेच धुवायला येतात. बुधवारी मी मुलाला दुकानात बसवलं आणि पडद्यांचं गाठोडं घेऊन स्वतःच गेले. तिथे पोचले तर सून जागेवर नाही. ती एका टेबलाखाली होती. नंतर दुसऱ्या टेबलाखाली. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांचं कॉम्प्युटर चालू होत नव्हतं, सुनेने भिंतीवरचं बटण दाबलं, चालू झालं. साहेब म्हणाले, "अरे वा, हे कसं केलंत?" ती म्हणाली, "जमलं बुवा." मी असते तर त्याला कॉम्प्युटरच्या वायरने बांधला असता.

तिच्या वरिष्ठांना भेटले. बरा माणूस निघाला, चहासुद्धा विचारला. मी म्हटलं, "आमची सून इतकी वर्षं इथेच, अजून टेबलांखालीच कशी?"

तो म्हणाला, "काकू, वरच्या जागेचे अर्ज आता सॉफ्टवेअर चाळतं. मास्टर्स नसेल तर अर्ज माझ्यापर्यंत येतच नाही. त्यांनी तीनदा भरला, तीनदा आपोआप परत गेला."

"मग ते सॉफ्टवेअर काढून टाका."

"कसं काढणार? फार छान चालतं. त्यांनीच तर बसवलंय."

मी पडदे खाली ठेवले. सुनेने स्वतः बसवलेलं दार, आणि तेच तिला बाहेर ठेवतंय. आणि ती घरी येऊन आम्हाला विचारते, भात लावू का पोळ्या करू. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिचा राग आला नाही, तिच्या वतीने राग आला. हा दुसरा राग जास्त वाईट, तो उतरत नाही.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही पाचही जण इस्त्रीच्या टेबलाभोवती जमलो. हे टेबलाच्या टोकाला काउंटरचं उंच स्टूल ओढून बसलेले, टेबलावर चहाचा कप. मतदानाचं साहित्य ठरलेलं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तुटलेली, कुणी न मागितलेली बटणं आम्ही एका बरणीत ठेवतो. प्रत्येकाने त्यातून एक पांढरं आणि एक काळं घ्यायचं. पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. हवं ते मोज्यात टाकायचं, उरलेलं मुठीत ठेवायचं आणि निकालानंतर बरणीत परत. मोजाही असाच, जोडीदार हरवलेला. एक जरी काळं निघालं तरी पैसे मिळत नाहीत आणि वर्षभर तो विषय काढायचा नाही.

आधी सून उभी राहिली. स्वतःच्या विरुद्ध.

"मी सदतीस वर्षांची आहे," ती म्हणाली. "वर्गातली मुलं माझ्या अर्ध्या वयाची असतील. संध्याकाळी मी घरी नसेन. नापास झाले तर कंपनी एक पैसा देणार नाही. आणि पास झाले तरी ती जागा मिळेलच असं कुणी लिहून दिलेलं नाही."

"वहिनी, जरा हळू," धाकटी पुटपुटली. "स्वतःलाच मारशील."

"अजून एक," सून म्हणाली आणि थांबली. "आई रोज सकाळपासून उभ्या राहून चादरी दाबतात. संध्याकाळी त्यांना डाव्या हाताने केस विंचरावे लागतात. त्यांना वाटतं कुणी बघत नाही. या पैशांवर पहिला हक्क त्या खांद्याचा आहे."

माझी कुणी कीव केली की मी भांडते.

"हरकत!" मी ओरडले. "माझा खांदा मध्ये आणायचा नाही! तो माझा खासगी खांदा आहे!"

"हरकत फेटाळली," हे म्हणाले. "तुझी बाजू मांड."

मग मी मांडली. म्हटलं, सदतीस हे काय वय आहे? मी व्हॅन चालवायला शिकले तेव्हा पंचेचाळीस पूर्ण झाली होती, आणि ज्या खांबाला धडकले तो आजही वाकडा आहे, पण परवाना मिळाला की नाही? संध्याकाळी घरी नसेल तर नसेल, तिच्या नवऱ्याला दोन हात आहेत आणि भात लावायला एकही पुरतो. मुलगा म्हणाला, "आई, मी काय केलं?" मी म्हटलं, "तेच तर, काही केलं नाहीस." नापास होईल म्हणे! जी बाई भिंतीवरचं बटण दाबून द्यायला टेबलाटेबलाखालून उठून येते आणि वर हसते, ती परीक्षेत कशी नापास होईल? नंतर मी सॉफ्टवेअरची गोष्ट सांगितली, तीन अर्जांची. मुलाला हे माहीत नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं, ती टेबलाकडे पाहत होती.

"आणि शेवटचं," मी म्हटलं. "मशीन दुकानात आहे, ते उद्याही मिळेल. सवलत पुढच्या वर्षी नाही."

एवढं बोलून झालं आणि माझ्या लक्षात आलं, मला स्वतःलाच पटलंय. आता काय डोंबल काळं टाकणार?

मोजा फिरला. मी पांढरं टाकलं. ह्यांनी मोजा टेबलावर उलटा केला. चार पांढरी, एक काळं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वळणारच. ज्याचं नाव बद्दू झालेलं असतं, त्याच्याकडेच बोटं जातात.

"आई!" धाकटी म्हणाली. "एवढं बोललीस आणि शेवटी..."

"मुठी उघडा सगळ्यांनी," मुलगा म्हणाला.

"गुप्त मतदान आहे," हे म्हणाले. "कुणी मूठ उघडणार नाही. ठराव नामंजूर."

पण सून माझ्या शेजारी उभी होती आणि तिची मूठ टेबलाखाली सैल झाली होती. तळहातावर बटण होतं, पांढरं. म्हणजे काळं तिनेच टाकलं होतं. माझ्या खांद्यासाठी स्वतःचं सगळं मोज्यात टाकून ही बया गप्प उभी, आणि शिव्या मी खातेय!

मी विचार केला असता तर काही सुचलं नसतं, म्हणून केला नाही. माझ्या मुठीतलं काळं बटण हातासरशी जवळच्या चहाच्या कपात सोडलं. धीर देतेय असं दाखवून सुनेचा हात धरला आणि तिच्या तळव्यावरचं पांढरं उचललं.

"अहो, ते काळं माझं," मी म्हटलं. "चष्मा काउंटरवर राहिला. पांढरं समजून टाकलं. हे बघा, पांढरं माझ्याच हातात राहिलंय."

"आई, अहो, ते..." सून म्हणाली. मी तिच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून.

हे माझ्याकडे बघत राहिले. "चष्म्याशिवाय तुला पांढऱ्या शर्टावरचा चहाचा थेंब रस्त्यापलीकडून दिसतो."

"थेंब दिसतो, बटण दिसत नाही. म्हातारपण आहे, त्याला काय नियम असतो?"

शेवटी ते म्हणाले, "चूक दुरुस्त करायला परवानगी आहे." मी पांढरं मोज्यात टाकलं. ठराव मंजूर झाला. मुलाने बायकोला टाळी द्यायला हात पुढे केला, पण ती रडत होती, म्हणून त्याने तोच हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. धाकटी मला म्हणाली, "चष्म्याला दोरी बांध आता."

उरलेली बटणं बरणीत परत जाऊ लागली. ह्यांचं काळं, मुलाचं काळं, धाकटीचं काळं. सुनेची पाळी आली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. ह्यांनी तिच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गार झालेला चहा उचलला. तेव्हा कुठे मला कळलं मी कुणाच्या कपात बटण टाकलंय.

शेवटच्या घोटाला ते थांबले. तोंडातून काळं बटण काढून त्यांनी तळहातावर ठेवलं. ज्या माणसाने जन्मभर खोट्या साक्षी शब्दाला शब्द टिपल्या, त्याला यातलं काय कळायचं राहणार?

"काय झालं बाबा?" मुलाने विचारलं.

"काही नाही. साखर विरघळली नव्हती," हे म्हणाले, आणि बटण शर्टाच्या खिशात टाकलं. "निकाल कायम."

सोमवारी सुनेने फी भरली. मंगळवारी सकाळी मी दुकानात आले तर इस्त्रीच्या टेबलाशी हे उभे, बाह्या दुमडून. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने स्वतःचा रुमालसुद्धा दाबलेला नाही.

"हे काय चाललंय?"

"दोन वर्षं चादरी मी दाबणार," ते म्हणाले. "तू काउंटरवर बस. वाद घालू नकोस, अपील नाही."

मी बसले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पहिल्याच चादरीवर त्यांनी इस्त्री ठेवली आणि कुठल्याशा जुन्या खटल्याची गोष्ट सांगायला लागले. धूर मला आधी दिसला, चष्म्याशिवाय.

दवाखान्याला नवी चादर भरून द्यावी लागणार आहे. तिचे पैसे सामाईक खात्यातून द्यावेत की नाही, यावर रविवारी सुनावणी आहे. हे स्वतःच्या विरुद्ध बोलतील. माझा विरोध सगळ्यात जास्त, म्हणून त्यांची बाजू मी मांडणार आहे, आणि मला हरता येत नाही.